दुखत नसताना दाखवायचं

आमच्या हसनाबादकडे दवाखान्याची पायरी कधी चढायची, याचा हिशेब ठरलेला आहे. ताप उतरेना, कळ सोसवेना, घास गिळवेना, की मग जायचं. कापूस फुटलेला असतो, मका काढणीला आलेला असतो, मिरचीचा तोडा एक दिवस लांबला तर भाव हातचा जातो. अशा दिवसांत जे दुखतच नाही त्याच्यासाठी रोज बुडवून भोकरदनला नाहीतर जालन्याला कोण जाणार? कष्टाच्या माणसाचा हा हिशेब मला कळतो. सर्दी-पडशापासून कंबरदुखीपर्यंत तो चालूनही जातो. कॅन्सरच्या बाबतीत मात्र तो जिवावर बेततो. तोंडातला पांढरा चट्टा दुखत नाही. स्तनातली गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. गर्भाशयाच्या मुखाशी होणारे बदल तर वर्षानुवर्षं कसलीच जाणीव करून देत नाहीत. दुखायला लागतं तोवर आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो. मग गाव म्हणतं, ‘टाटाला नेलंय’, म्हणजे मुंबईच्या टाटा रुग्णालयात. एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

मी भोकरदन तालुक्यात, हसनाबादच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवते. तंबाखूनं कॅन्सर होतो हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. २०१६ पासून पुडीच्या ८५ टक्के भागावर चित्र आणि इशारा छापलेला असतो. ते चित्र बघत बघतच माणूस तळहातावर चुना लावतो, तंबाखू मळतो आणि बार भरतो. माहिती पोचलेली आहे. नेमकं काय करायचं ते पोचलेलं नाही. तोंडात कुठे बघायचं, किती दिवस वाट बघायची, कुणाला दाखवायचं, आणि दुखत नसताना का दाखवायचं? माझ्या मते शाळेत आणि गावात आरोग्यशिक्षण म्हणून शिकवण्यासारखं सगळ्यात मोलाचं हेच आहे. बाकीची भाषणं त्यानंतर.

सातवी-आठवीच्या मुलांना आम्ल आणि आम्लारी शिकवताना लिटमसचा प्रयोग असतोच. मी त्या तासाला पानटपरीवर मिळते तसली चुन्याची छोटी डबी आणते. चुना पाण्यात कालवला, त्यात लाल लिटमस बुडवला की तो निळा होतो. मुलांना तो रंग बघायला आवडतो. मग मी विचारते, तंबाखूत चुना का घालतात? ‘चव येते’, ‘कडकपणा येतो’, ‘आजोबा म्हणतात तार लागते’ अशी उत्तरं येतात. तिसरं उत्तर अगदी बरोबर असतं. चुन्यानं तोंडातली लाळ आम्लारी होते आणि तंबाखूतलं निकोटीन मोकळं होऊन गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून झपाट्यानं रक्तात शिरतं. तार लागते ती त्यामुळे आणि सवयही जडते ती त्यामुळेच. तेच अस्तर चुन्यानं सोलवटलेलं असतं. तंबाखू सुकवताना आणि मुरवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं तयार होतात, ती या सोलवटलेल्या जागी रोज तासन् तास चिकटून राहतात. पेशींच्या आतली, वाढ कधी थांबवायची हे ठरवणारी यंत्रणा ती हळूहळू मोडत जातात. म्हणून बार ज्या बाजूला ठेवायची सवय असते, बहुधा त्याच बाजूच्या गालात किंवा हिरडीशी पहिला चट्टा उठतो. हे ऐकल्यावर मुलं आपापल्या घरातल्या माणसांच्या डाव्या-उजव्या बाजू आठवायला लागतात. वर्ग गप्प होतो, आणि त्या शांततेचा मी पुरेपूर उपयोग करून घेते.

त्यानंतर शिकवायचं ते बघणं. आरसा आणि मोबाइलची बॅटरी एवढंच साहित्य. ओठ उलटून आतून बघायचा, दोन्ही गाल बोटानं बाजूला करून बघायचे, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा आणि मग जीभ वर उचलून तिच्या खालची जागा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, विनाकारण हलायला लागलेला दात, यांपैकी काहीही दिसलं तर दाखवायचं. लाल चट्टा जास्त धोक्याचा. आणि शेवटची परीक्षा तीन बोटांची. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघायचं.

एका वर्षी नववीतल्या एका मुलाची दोनच बोटं गेली. सगळे हसले, तोही हसला. मी मधल्या सुटीत त्याला बोलावून घेतलं. तो तंबाखू खात नव्हता, हे तो शपथेवर सांगत होता आणि ते खरंच होतं. तो खायचा सुगंधी सुपारी, दिवसाला चार-पाच पुड्या, पाचवीपासून. मी विचारलं, ‘भाजी तिखट लागते का रे आजकाल?’ तो चपापला. म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला कसं कळलं? आई म्हणते आमच्याच शेतातली मिरची अन् तूच रडतोस.’ आमचा भोकरदन तालुका मिरचीचा. पिंपळगाव रेणुकाई, आन्वा इथल्या बाजारातून हिरवी मिरची गाड्या भरभरून देशभर जाते. इथलं पोर ठेचा-भाकरी खाऊन वाढतं. अशा पोराला वरणाची फोडणीसुद्धा झोंबायला लागली तर आईनं लाड समजून साखर पुढे करू नये, बॅटरी लावून तोंड बघावं. सुपारीतलं अरेकोलीन नावाचं द्रव्य गालाच्या आतल्या थरात तंतू वाढवत नेतं. गाल आतून ताठ, फिकट, चामड्यासारखा होतो आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. वैद्यकीय भाषेत याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. ताठरलेला गाल पूर्ववत होणं अवघड, आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर होण्याची शक्यता पुष्कळ वाढलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. आमच्याकडे मात्र सुपारी लग्नात, पूजेत, पाहुण्याच्या हातावर. तिला कुणी व्यसन म्हणतच नाही. त्या मुलाला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात न्यायला लावलं, सुपारी सुटली, तोंडाचे व्यायाम सुरू झाले. तो आता शेती करतो. तिसरं बोट अजून पूर्ण जात नाही, पण दोनाच्या पुढे गेलंय.

तंबाखूचे आकडे शहरी वाचकाला नीट कळावेत म्हणून एक सांगते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातली २६.६ टक्के प्रौढ माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. त्यांत बिडी-सिगारेट ओढणारे होते जेमतेम ३.८ टक्के. खाणारे, चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. म्हणजे सिगारेटचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारलेलं पोस्टर आमच्या भिंतीवर लावलं तर ते चुकीच्या माणसाशी बोलतं. आमच्या बायका तर ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की ठामपणे नाही म्हणतात. कारण त्या मिसरी लावतात. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच ती, पण ती दातांसाठी, ती व्यसनात धरायची नाही. सकाळी एकदा, दुपारी रानात एकदा, रात्री भांडी घासून झाली की एकदा. विचारताना ‘मिसरी किती वेळा लावता, माय?’ असंच विचारावं लागतं, मग उत्तर खरं येतं. आशाताईंकडे तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी जो तपासणी-अर्ज असतो, त्यातला तंबाखूचा प्रश्न आमच्या आशाताई असाच विचारतात. त्यांना हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. त्या याच गावच्या सुना आहेत म्हणून त्यांना माहीत.

याच सर्वेक्षणाची आधीची फेरी २००९-१० ची. तेव्हा महाराष्ट्राचा आकडा ३१.४ टक्के होता. सात वर्षांत जवळपास पाच टक्क्यांची घट ही लहान गोष्ट नव्हे. त्यात जुलै २०१२ च्या गुटखाबंदीचाही वाटा असावा असं मला वाटतं. त्याआधी २००२ मध्येही राज्यानं बंदी घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायद्याचा आधार मिळाला आणि बंदी टिकली. गुटखा आजही चोरून मिळतो, हे मी सांगायला नको.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत, हा २००३ चा कायदा. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत त्या हद्दीवर पिवळी रेषा आखायची असते. आम्ही ती मुलांकडून आखून घेतली. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर, हे आधी वर्गात गणितानं काढलं, मग फाटकापासून टेप धरून मुलं निघाली. टेप जिथे संपली त्याच्या अलीकडेच एक टपरी होती, आणि ती होती माझ्याच वर्गातल्या मुलीच्या बापाची. ती मुलगी टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. मला तिथेच थांबावंसं वाटलं. बाप बाहेर आला, बघितलं, म्हणाला, ‘मॅडम, कायदा बरोबर हाये. पण पुडी काढून टाकली तर टपरीत राहतं काय? बिस्किटाच्या पुड्यावर घर चालतं का?’ याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. कायद्यात दंड आहे. लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण ती भाषा त्या दिवशी त्या पोरीसमोर मला वापरायची नव्हती. शालेय व्यवस्थापन समितीत विषय घेतला. समितीनं त्याला शाळेच्या बाजूची झेरॉक्स-वह्यांची विक्री मिळवून दिली. पुड्या टपरीच्या दर्शनी भागातून गेल्या. पूर्ण गेल्या असं मी लिहिणार नाही. पण आमच्या मुलांना तिथे पुडी मिळत नाही, एवढं मुलं स्वतः सांगतात.

शिक्षकांनी स्वतः तंबाखू न खाणं हाही तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांतला एक मुद्दा. तो सगळ्यात अवघड गेला आणि सगळ्यात जास्त कामाचा तोच ठरला.

अशा बोलण्या-शिकवण्यानं खरंच काही होतं का, असं मला लोक विचारतात. कधी अधिकारी विचारतात, कधी नवराच विचारतो. त्यांना मी बार्शीची गोष्ट सांगते. ती प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवी होती. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. तिथे डॉ. भगवान नेने आणि मुंबईच्या संशोधक डॉ. कस्तुरी जयंत यांनी १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं. नोंदणी म्हणजे कुणाला, कुठला, कधी कॅन्सर झाला याची पक्की नोंद. शहरात हे काम दवाखान्यांच्या कागदांवरून होतं. खेड्यात कागदच नव्हते, कारण माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. घरातच आजारी पडत, घरातच जात. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली. पारावर, देवळात, शाळेत बसून त्यांनी लक्षणं सांगितली. अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, न भरणारी जखम, गाठ. असं कुणाला असेल तर सांगा, आम्ही गाडीनं रुग्णालयात नेऊ, तपासून परत आणून सोडू, असं म्हणाली.

त्यांना हवी होती मोजणी. पण मोजता मोजता गावं शिकली. काही वर्षांतच असं दिसू लागलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ज्या बायका येतात, त्यांच्यात लवकरच्या टप्प्यावर येणाऱ्यांचं प्रमाण वाढतंय. यंत्रसामग्री नवी आलेली नव्हती, की घरोघर तपासणीची मोहीमही झालेली नव्हती. कुणीतरी येऊन सरळ बोललं होतं, आणि दाखवायला न्यायची सोय केली होती. १९९५ मध्ये हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. मी जेव्हा पालकसभेत ‘अंगावरून जाणं’ हे शब्द माइकवर उच्चारते आणि मागच्या रांगेतले पुरुष माना खाली घालतात, तेव्हा मला बार्शीच्या त्या फिरत्या माणसांचा मोठा आधार वाटतो. त्यांनी हे ऐंशीच्या दशकात केलं होतं.

त्याच रुग्णालयाच्या माणसांनी पुढे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात केलेलं काम जगभर गाजलं. १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका, चार गट. एका गटाची गर्भाशयमुखातल्या एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या गटाला आरोग्यशिक्षण आणि नेहमीची सेवा. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ मृत्यू होते, आणि चौथ्या गटात ६४. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीशिवाय ठेवलं यावरून पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणी मला आकडा म्हणून वाचता येत नाहीत. त्याच जिल्ह्यातल्या, आमच्यासारख्याच, पिवळ्या-केशरी शिधापत्रिका असलेल्या घरांतल्या बायका होत्या त्या. या आकड्यांतून मी हेही शिकले की नुसतं शिक्षण पुरत नाही. शिकवून झाल्यावर हाताशी तपासणी हवी. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी ती ॲसेटिक आम्लाचीच साधी तपासणी प्रशिक्षित स्थानिक बायकांकडून दर दोन वर्षांनी करवली आणि बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ज्या बायकांनी हे केलं त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. केरळात तिरुवनंतपुरमच्या परिसरात तोंडाच्या बाबतीतही असंच झालं. प्रशिक्षित आरोग्यकार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडं तपासली, आणि तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशानं खाली आले.

मग आमच्याकडे एवढं का अडतं? राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ज्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालीय, त्यांचं प्रमाण शंभरात दोनसुद्धा भरलं नाही.

माझ्या बघण्यातलं एक कारण भीती आहे, आणि ही भीती आपणच पेरलेली. ‘कॅन्सर होईल’ हे वाक्य आमच्या भागात बाईला शहाणं करण्यापेक्षा घाबरवायला जास्त वापरलं गेलं. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं आपल्याला सांगितलं, असं कितीतरी जणींनी सांगितलं. अंगावरून पांढरं जातंय, एवढ्या तक्रारीवर. आमच्याही गावात तिशीतच पिशवी काढलेल्या बायका आहेत, आणि त्यांच्या कंबरा चाळिशीत गेल्यात. पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा साधा संसर्ग असतो, तो गोळ्यांनी बरा होतो. तपासणीत गर्भाशयमुखाशी संशयास्पद काही दिसलं, तरी कॅन्सरच्या आधीची ती अवस्था गोठवून किंवा शेकून तेवढ्यापुरती काढता येते, पिशवीला हात न लावता. हे बाईला आधी कळलेलं असेल तर खुर्चीतल्या माणसाला ती चार प्रश्न विचारू शकते. आरोग्यशिक्षणानं धीर वाढला पाहिजे. पोस्टरवर खेकडा आणि कवटी काढून धीर वाढत नाही, म्हणून आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या स्पर्धेत मी खेकडा काढायला बंदी केलीय. मुलं आता आरसा, बॅटरी आणि आजीचं उघडलेलं तोंड काढतात. ती चित्रं मला फार आवडतात.

लसीविषयी पालकसभेत सगळ्यात जास्त बोलावं लागतं. एचपीव्ही हा विषाणू शारीरिक संबंधांतून पसरतो, बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो, पण काहींच्यात ठाण मांडतो आणि दहा-वीस वर्षांनी कॅन्सर घडवतो. हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं, २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरला कारण असतात. लस संसर्गाच्या आधीच घेतली तर उत्तम लागू पडते, म्हणून वय ९ ते १४. आमच्याकडे मुलींची लग्नं अजूनही लवकर उरकतात, तेव्हा आमच्या मुलींना तर ही लस वेळेत मिळणं जास्त गरजेचं. एका बापानं उठून विचारलं, ‘लग्नाआधी असली लस काहून?’ त्याला उत्तर मी दिलं नाही, एका आजीनं दिलं: ‘गोवराची लस गोवर आल्यावर देतेत का रे?’ सभा पुढे सरकली.

या लसीतही बार्शी-पुण्याच्या मुलींचं देणं आहे. २००९ मध्ये देशातल्या काही केंद्रांवर, त्यात बार्शी आणि पुणेही होतं, दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास सुरू झाला. २०१० मध्ये आंध्र-गुजरातमधल्या लसीच्या एका वेगळ्याच प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाल्यावरून गदारोळ उठला. ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते, पण देशातले सगळे अभ्यास मध्येच थांबवले गेले. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की एका डोसनंही १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून जवळजवळ दोन-तीन डोसांइतकंच संरक्षण मिळतंय. २०२१ मध्ये ते छापून आलं आणि २०२२ अखेर जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसचाही पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या मुली आहेत. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला मंजुरी मिळाली. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुली ताठ बसतात. आपल्यासारख्याच खेड्यातल्या पोरींमुळे जगाला काही कळलं, हे त्यांनी याआधी कधी ऐकलेलं नसतं.

शाळेच्या भिंतीबाहेर आमचं सगळ्यात मोठं व्यासपीठ म्हणजे हरिनाम सप्ताह. गाडगेबाबांनी कीर्तनातून स्वच्छता, कर्ज, पशुहत्या यांवर लोकांना प्रश्न विचारून विचारून शिकवलं. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज मुंबईत उपचाराला आलेल्या कॅन्सर रुग्णांना आसरा देते. माळ घातलेला माणूस मांस-मद्य सोडतो, तंबाखू मात्र बहुतेकदा राहून जाते. आम्ही दोन कीर्तनकार महाराजांना भेटलो, विनंती केली. एकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यांनी कीर्तनात तीन बोटांची परीक्षा मंडपभर लोकांकडून करून घेतली. पाचशे माणसं तोंडात बोटं घालून बसलीयत, आणि महाराज व्यासपीठावरून म्हणतायत, ‘ज्याची जात नाहीत त्यानं उद्या सकाळी आशाताईला भेटायचं, लाजायचं नाही.’ दुसऱ्या दिवशी माणसं आली. मी वर्षभर बोलून आली नसती एवढी आली.

आता आमचं घोडं अडतं ते त्याच्या पुढच्या टप्प्यावर. चट्टा सापडतो, चिठ्ठी मिळते आणि माणूस जात नाही. पैशाचं कारण पुढे येतं, तेव्हा महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, पाच लाखांपर्यंत, शिधापत्रिका आणि आधार घेऊन जायचं, हे सांगावं लागतं. तंबाखू सुटत नाही म्हणणाऱ्याला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक लिहून देतो. पुडीवरही तो छापलेला असतो, फक्त चित्राच्या गर्दीत कुणी वाचत नाही. पण खरं कारण बरेचदा वेगळंच निघतं. संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात एकट्यानं जायची हिंमत होत नाही. कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, कागद कुणाला दाखवायचे, संध्याकाळची गाडी चुकली तर राहायचं कुठे? बायकांच्या बाबतीत तर सोबतीशिवाय बाहेर पडणंच नाही. म्हणून या वर्षी आशाताईंनी नोंदवहीत तपासणीच्या तारखेशेजारी एक रकाना वाढवलाय: सोबत कोण जाणार. मुलगा पुण्याला कंपनीत असेल तर फोन करून त्याची सुटीची तारीख विचारायची, नसेल तर दीर, भाचा, शेजारीण. रकाना रिकामा राहिला तर शाळा सुटल्यावर आशाताई आणि मी त्या घरी जातो, आणि नाव लिहून घेतल्याशिवाय चहा घेत नाही.